प्रवास एकट्याचा, बुडी दोघांची



सुटींत परगांवीं जावयाचें म्हटलें कीं बरोबर कोण आहे, हा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत आधीं विचारला जातो. परंतु काळ पालटला आहे. मिळवतीं झालेलीं मुलें हल्लीं एकटींच प्रवासास निघतात, आणि त्यांतलीं कित्येक मालवणास जाऊन समुद्राखालीं बुडी मारून येतात. या बुडीला इंग्रजींत ‘स्कूबा डायव्हिंग’ म्हणतात. असा बेत घरांत निघाला म्हणजे वडील मंडळी चिंतेंत पडतात, आणि ती चिंता बहुधा एकाच गोष्टीभोंवतीं फिरते: गाडींत एकटी कशी जाईल, परक्या घरीं एकटा कसा राहील, दुखलेंखुपलें तर कोण पाहील? पाण्याखालीं उतरल्यावर शेजारीं कोण असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. मला आज जें सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं हा दुसरा प्रश्न पहिल्याहून फार महत्त्वाचा आहे. प्रवास एकट्यानें करावा, खुशाल करावा. बुडी एकट्यानें मारूं नये.

मी एक निवृत्त शिक्षक. आयुष्य वर्सोव्यास गेलें, परंतु मी स्वतः पाण्याखालीं उतरलेलों नाहीं. माझे दोन जुने विद्यार्थी या विद्येंत शिरले; त्यांच्याशीं वेळोवेळीं झालेल्या बोलण्यांतून आणि त्यांनीं वाचावयास दिलेल्या पुस्तकांतून हा विषय मला समजला. शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें असल्यामुळें त्यांतील बराचसा भाग ओळखीचाहि निघाला. वायूचा दाब आणि आकारमान यांचा जो नियम आपण फळ्यावर लिहून देतों, त्यावर तेथें माणसाचा जीव अवलंबून असतो, एवढाच काय तो फरक.

प्रथम एक साधी शंका. वर्सोव्याच्या माणसाला दाराशीं समुद्र असतांना बुडी मारण्यासाठीं मालवणास कां जावें लागतें? याचें उत्तर आमच्या खाडीच्या पाण्यांत आहे. वर्सोवा हें खाडीच्या मुखाशीं वसलेलें कोळ्यांचें गांव. खाडींतून गाळ येतो, शहराची घाण येते, आणि मुंबईची भरतीओहोटी मोठी. उधाणाच्या दिवशीं पाण्याची पातळी चारपांच मीटरपर्यंत चढतेउतरते. इतकें पाणी दिवसांतून दोनदां आंतबाहेर करूं लागलें म्हणजे तळाचा चिखल खालीं बसावयास उसंत मिळत नाहीं. आमच्या किनाऱ्यावर २०१५ सालापासून नागरिकांनीं कचरा उपसण्याचें मोठें काम केलें, आणि २०१८ सालच्या मार्च महिन्यांत तेथें कांसवाचीं पिलें वाळूंतून बाहेर पडून समुद्राकडे जातांना दिसलीं. वाळू स्वच्छ होऊं शकते हें त्यावरून कळलें. परंतु पाणी गढूळ तें गढूळच. आपलाच हात जेथें दिसावयाचा नाहीं, तेथें मासे काय दिसणार?

मालवणची गोष्ट निराळी. तेथें भरतीओहोटीचा फरक पुष्कळ कमी, मोठ्या शहराचा मैला नाहीं, आणि किनाऱ्यालगत पाण्यांत बुडालेले खडक पुष्कळ. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं कुरटें बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, त्याचें एक कारण हे खडकच होत. वाट ठाऊक नसलेल्या परक्या जहाजाला किल्ल्याजवळ येणें त्यांच्यामुळें अवघड होई. त्याच खडकांवर आज प्रवाळांचीं घरें आहेत, आणि त्यांच्या आसऱ्यानें रंगीबेरंगी मासे राहतात. शत्रूला अडविण्याकरितां ज्यांचा उपयोग झाला, ते आतां पाहुण्यांना बोलावतात. १९८७ सालीं या भागांतील सुमारें २९ चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळच तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें बुडीचें शिक्षण देणारी संस्थाहि उभारली आहे.

तेथवर जाणें आतां कठीण राहिलेलें नाहीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाल्यापासून रात्रीं मुंबईस गाडींत बसलेला मनुष्य सकाळीं कुडाळास उतरतो. तेथून मालवण सुमारें तीस किलोमीटर. गांवांत घरगुती खाणावळी आहेत, राहावयास घरांतल्या खोल्या मिळतात, आणि चौकशी करणाऱ्याला माणूस आपण होऊन वाट दाखवितो. एकट्या प्रवाशाला, मग ती स्त्री असो वा पुरुष, ज्या सावधगिऱ्या कोठेंहि घ्याव्या लागतात त्या येथेंहि घ्याव्या: उतरण्याची जागा आधीं ठरवावी, तिचा पत्ता घरीं लिहून ठेवावा, कोणत्या दिवशीं कोणाच्या नावेंतून जाणार हें कळवावें. इतकें केलें म्हणजे जमिनीवरचा भाग संपला. जमिनीवर ‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हण ठीक आहे. ती पाण्याखालीं कां चालत नाहीं, तें आतां पाहूं.

पाण्याखालीं काम करणाऱ्या माणसाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानांत येते. एकोणिसाव्या शतकांत डोक्यावर धातूचें मोठें शिरस्त्राण घालून पाणबुडे बंदरांत उतरूं लागले. त्यांना हवा नावेवरच्या पंपानें नळींतून पोंचविली जाई. त्यांच्या अंगाला एक दोरी बांधलेली असे, आणि तिचें दुसरें टोंक वरच्या माणसाच्या हातांत असे. खालच्यानें ठराविक हिसके दिले कीं वरचा त्याला ओढून घेई. पाणबुड्या खालीं एकटा दिसला तरी तो एकटा नव्हता. त्याचा जीव वरच्याच्या मुठींत होता.

पुढें १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कुस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनियर या दोघांनीं मिळून एक नवें यंत्र तयार केलें. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी, आणि तोंडाशीं असा पडदा कीं श्वास घेतांच भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा मिळावी. नळी गेली, दोरी गेली, पंपहि गेला. मनुष्य माशासारखा मोकळा झाला. ‘स्कूबा’ हा शब्द पुढें अमेरिकेंत पांच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनला. त्याचा अर्थ पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण साधन. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानीं धरला पाहिजे. स्वयंपूर्ण झालें तें साधन, मनुष्य नव्हे. दोरी तुटली तेव्हां दोरी धरणारा मनुष्यहि गेला, आणि त्याची जागा कोणी तरी भरून काढणें प्राप्त झालें. ती जागा शेजारीं पोहणाऱ्या जोडीदारानें घेतली. जोडीदार म्हणजे डोळ्यांना न दिसणारी तीच दोरी.

या दोरीची गरज कां पडते, हें समजण्यासाठीं दाबाचा थोडा हिशेब करूं. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर वातावरणाचा एक दाब असतो. दर दहा मीटर खोलीला पाणी तितकाच आणखी एक दाब घालतें. म्हणजे दहा मीटरांवर दोन दाब, वीस मीटरांवर तीन, तीस मीटरांवर चार. बॉइलनें १६६२ सालीं सांगितलेल्या नियमाप्रमाणें दाब दुप्पट झाला कीं वायूचें आकारमान निम्मे होतें. याचा पहिला अनुभव कानांना येतो. कानाच्या पडद्यामागची हवा आकसते, पडदा आंत ओढला जातो आणि दुखूं लागतो. नाक चिमटीनें धरून हलकेच फुंकर मारली म्हणजे घशांतून हवा कानांत जाऊन दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतात. हें दर एकदोन मीटरांना, दुखण्याच्या आधींच करावयाचें असतें. म्हणूनच सर्दी झालेल्या माणसानें बुडी मारूं नये. त्याची ही वाट बंद असते.

वर येतांना याच्या उलट घडतें, आणि तें अधिक भयंकर. दहा मीटरांवर भरलेलें दोन लीटर हवेचें फुप्फुस, श्वास रोखून धरला असतां, पृष्ठभागावर पोंचेपर्यंत चार लीटर व्हावयास पाहतें. फुप्फुस कांहीं रबरी फुगा नव्हे, तें फाटतें. दीडदोन मीटर इतक्या उथळ पाण्यांतूनहि असा अपघात होऊं शकतो. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा, कीं यंत्रांतून श्वास घेत असतां तो कधींहि रोखून धरावयाचा नाहीं. नियम सोपा आहे. परंतु घाबरलेला मनुष्य पहिली गोष्ट कोणती करतो? तो श्वास रोखतो आणि वर धांव घेतो. अशा वेळीं दंडाला धरून त्याला थांबविणारा, डोळ्यांत पाहून ‘सावकाश’ म्हणून खुणावणारा कोणी तरी शेजारीं असावा लागतो.

आतां हवेचा हिशेब. टाकींत शुद्ध प्राणवायु असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. सामान्यतः तींत आपण घेतों तीच हवा, गाळून व कोरडी करून, दाबून भरलेली असते. बारा लीटरची टाकी दोनशें दाबांपर्यंत भरली म्हणजे तींत सुमारें २४०० लीटर हवा मावते. मिनिटाला वीस लीटर हवा लागते असें धरलें, तर पृष्ठभागावर ती १२० मिनिटें पुरेल. परंतु दहा मीटरांवर प्रत्येक श्वास दुप्पट दाट असतो, म्हणून तीच टाकी ६० मिनिटें पुरते. वीस मीटरांवर ४० मिनिटें. त्यांतली चौथाई हवा परत येण्यासाठीं राखून ठेवावयाची. शिवाय घाबरलेल्या किंवा प्रवाहाविरुद्ध हातपाय मारणाऱ्या माणसाला याहून कितीतरी अधिक हवा लागते. दाब दाखविणारा कांटा प्रत्येकाजवळ असतो. पण नवशिक्या मनुष्य माशांच्या थव्याकडे पाहतां पाहतां कांट्याकडे पाहावयाचें विसरतो. त्याच्या वतीनें तो पाहणारा दुसरा असला पाहिजे. आणि इतकें करूनहि हवा संपलीच, तर प्रत्येक पाणबुड्याच्या टाकीला श्वासाचें एक जादा तोंड लावलेलें असतें. तें कोणासाठीं? स्वतःसाठीं नव्हे, जोडीदारासाठीं. यंत्र बनविणाऱ्यांनींच येथें दोघेजण गृहीत धरले आहेत.

तिसरा धोका नत्रवायूचा. हवेचे जवळजवळ चार पंचमांश नत्रवायूचे. दाबाखालीं तो रक्तांत व शरीराच्या इतर भागांत विरघळूं लागतो. सावकाश वर आलें तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईनें आलें तर सोड्याच्या बाटलीचें बूच उघडल्याप्रमाणें शरीरांतच त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, अंग लुळें पडतें, प्रसंगीं प्राणहि जातो. गेल्या शतकाच्या आधीं पुलांचे पाये खोदतांना दाबाखालच्या हवेंत काम करणाऱ्या मजुरांना हा विकार जडे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनियर रोब्लिंग हाहि त्यामुळेंच अंथरुणास खिळला. हाल्डेन या शास्त्रज्ञानें बोकडांवर प्रयोग करून १९०८ सालीं सुरक्षितपणें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आजचीं मनगटावरचीं गणकयंत्रें त्याच विचाराचीं वारस आहेत. मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये, आणि पृष्ठभागाच्या आधीं पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, असा सध्यांचा सामान्य दंडक आहे.

एकट्या प्रवाशाला या ठिकाणीं एक खास सूचना. परतीचा बेत आपला आपणच आंखावयाचा असल्यामुळें तो घाईचा करूं नये. विमानांतील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाहून बराच कमी असतो, आणि शरीरांत उरलेल्या नत्रवायूला तेवढेंच निमित्त पुरतें. म्हणून एकाहून अधिक बुड्या घेतल्या असतील, तर शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानांत बसूं नये. पूर्ण एक दिवस सोडावा हें अधिक चांगलें. कोल्हापूर किंवा बेळगांवकडे निघालेल्यांनीं आंबोलीचा घाट चढण्यापूर्वींहि हाच विचार करावा. उंची ती उंचीच, मग ती विमानानें गांठा कीं मोटारीनें. कोंकण रेल्वेनें परतणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाहीं. शेवटचा दिवस किल्ला पाहण्यांत घालवावा.

आतांपर्यंत सांगितलेले धोके शरीराचे होते. चौथा धोका बुद्धीचा आहे, आणि माझ्या मतें जोडीदाराची खरी आवश्यकता त्यानेंच सिद्ध होते. सुमारें तीस मीटरांच्या खोलीवर दाबाखालचा नत्रवायु मेंदूवर मद्यासारखा परिणाम करूं लागतो. मनुष्य उगीच आनंदित होतो, कांट्यावरचा आंकडा वाचतो पण त्याचा अर्थ त्याला उमगत नाहीं, आणि विशेष म्हणजे आपली बुद्धि चळली आहे हें त्याचें त्याला कळत नाहीं. जो विकार रोग्याला स्वतःला ओळखतां येत नाहीं, तो ओळखावयास दुसरा मनुष्यच लागतो. त्यावरचा उपायहि सोपा: कांहीं मीटर वर आलें कीं डोकें ठिकाणावर येतें. पण ‘वर चल’ असें म्हणणारा हवा.

हें म्हणावयाचें कसें? पाण्याखालीं बोलतां येत नाहीं. ध्वनि तेथें हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें जातो, त्यामुळें टाकी ठोकलेली ऐकूं येते, पण आवाज कोणीकडून आला तें उमजत नाहीं. म्हणून सारा व्यवहार हाताच्या खुणांचा. अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ केलें म्हणजे ‘ठीक आहे’. उभा अंगठा दाखविला म्हणजे मात्र ‘वर चला’. आपल्याकडे उभा अंगठा ‘छान’ म्हणून दाखवितात; पाण्याखालीं खुशींत येऊन तो दाखविला कीं मार्गदर्शक आपणांस घेऊन वर येतो! मूठ छातीशीं धरली म्हणजे हवा कमी आहे, आणि तळहात गळ्यावरून आडवा फिरविला म्हणजे हवा संपली. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधावें, आणि न सांपडल्यास दोघांनींहि आपापले सावकाश वर यावें. या खुणा नावेवरच एकमेकांस करून दाखवाव्या.

येथें कोणी म्हणेल, कीं एकट्यानें बुडी मारणारेहि जगांत आहेत. आहेत. कांहीं संस्था त्याचें स्वतंत्र शिक्षणहि देतात. परंतु तें शिक्षण शेंकडों बुड्या मारलेल्या माणसासाठीं असतें, आणि त्याला हवेची दुसरी, पूर्णपणें वेगळी टाकी बरोबर न्यावी लागते. म्हणजे जोडीदाराचें काम करणारें यंत्र तो पाठीवर वाहून नेतो. सुटीसाठीं गेलेल्या पाहुण्याचा तो मार्ग नव्हे. उलट ज्यांचा जन्म पाण्यांत गेला त्यांच्याकडे पाहावें. कोरियांतील जेजू बेटावरच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या केवळ श्वास रोखून समुद्रतळाचे शिंपले काढीत आल्या आहेत. साठी-सत्तरी उलटलेल्याहि त्यांत असतात. त्या गटानें समुद्रांत जातात आणि एकमेकींवर नजर ठेवतात. आमच्या वर्सोव्याची खोल समुद्रांत जाणारी नावहि तांडेल आणि खलाशी मिळूनच हांकतात. समुद्राशीं ज्यांचा अधिक परिचय, तेच सोबतीचें मोल अधिक जाणतात.

तर मग एकट्यानें गेलेल्यास जोडीदार कोठून मिळावयाचा? त्यासाठीं बुडीचे दोन प्रकार ओळखावे. पहिला प्रकार ओळखीच्या बुडीचा. पोहतां न येणाऱ्यासहि ती घेतां येते. आधीं उथळ पाण्यांत श्वास घेण्याचा सराव करवितात आणि मग मार्गदर्शक हात धरून खालीं नेतो. येथें मार्गदर्शक हाच जोडीदार, आणि म्हणून तो एका वेळीं किती जणांना सांभाळतो हा खरा प्रश्न. प्रत्येक नवशिक्याला एक, हें उत्तम. दुसरा प्रकार शिक्षणाचा. तीनचार दिवसांच्या वर्गांत तलावांतील धडे आणि समुद्रांतील चार बुड्या पुऱ्या केल्या म्हणजे प्रमाणपत्र मिळतें, आणि त्या आधारें अठरा मीटरांपर्यंत जोडीदारासह उतरतां येतें. यास दोनशें मीटर पोहणें व दहा मिनिटें पाण्यावर तरंगणें आलें पाहिजे. एकट्या प्रवाशास मी हा दुसरा प्रकार सुचवीन. वर्गांत सहाध्यायी मिळतात. त्यांतून जोडी आपोआप जुळते, आणि पुढच्या सुटीस पत्रव्यवहार करावयास चार माणसें होतात.

अनोळखी जोडीदाराबरोबर उतरण्याची वेळ आली तर संकोच करूं नये. नावेवर पांच मिनिटें बसून विचारावें: आपण किती बुड्या घेतल्या? किती खोल, किती वेळ जावयाचें? हवा किती उरली कीं परतावयाचें? मग एकमेकांचें सामान तपासावें: जाकिटांत हवा भरते कीं नाहीं, वजनाचा पट्टा नीट आहे कीं नाहीं, बंद चटकन सुटतात कीं नाहीं, टाकीची चावी उघडी आहे कीं नाहीं, दोन्ही तोंडांतून हवा येते कीं नाहीं. जो या तपासणीला हंसतो त्याच्याबरोबर उतरूं नये. आणि ‘आज मला बरें वाटत नाहीं, मी उतरत नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास, कोणत्याहि क्षणीं, कारण न सांगतां आहे, हें दोघांनींहि मान्य करावें. बरोबर मित्रमंडळी नसल्यानें एकट्या प्रवाशास हें म्हणणें सोपें जातें. कोणी चिडविणारें नसतें. एकटेपणाचा हा एक लाभच समजावा.

प्रकृतीविषयीं लपवाछपवी नको. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचीं जुनीं दुखणीं असलेल्यांनीं वैद्याचा लेखी सल्ला घेतल्यावांचून पाण्यांत पाऊल घालूं नये. गर्भवती स्त्रियांनीं तर मुळींच उतरूं नये. बुडीपूर्वीं भरावयाच्या प्रश्नपत्रिकेंत पैसे बुडतील या भयानें खोटें उत्तर लिहिणारा मनुष्य आपल्या जोडीदारालाहि फसवितो. मद्य तर आदल्या रात्रींहि नको. पावसाळ्याचे महिने समुद्र खवळलेला व गढूळ असतो, म्हणून ऑक्टोबरपासून मेपर्यंतचाच काळ निवडावा. आणि नावेवरचा भाग दुय्यम मानूं नये. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांची एक नाव उलटून दोघांस प्राणांस मुकावें लागलें. नावेंत बसल्यापासून उतरेपर्यंत तरंगतें जाकीट अंगावरून काढूं नये. नाव गच्च भरलेली दिसली तर दुसरीची वाट पाहावी.

इतके धोके ऐकून कोणी म्हणेल, मग जावेंच कशाला? जावें, कारण जें दिसतें तें दुसरीकडे कोठें दिसत नाहीं. पाण्यांत लाल रंग सर्वांत आधीं नाहींसा होतो आणि सारें जग निळेंहिरवें होतें. कांचेंतून पाहतांना वस्तु चौथाईनें जवळ आणि तिसऱ्या हिश्श्यानें मोठ्या भासतात. खडक म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतों तें प्रवाळ म्हणजे हजारों बारीक जीवांची वसाहत असते, आणि तींतले कित्येक प्रकार वर्षाकाठीं कांहीं मिलिमीटरच वाढतात. पायाच्या एका धक्क्यानें तुटलेला तुकडा भरून यावयास एखाद्या मुलाचें शाळेचें वय निघून जाईल. म्हणून हात लावूं नये, कांहीं उचलूं नये. पाहावें, आणि पाहिलेलें जोडीदारास दाखवावें. एकट्यानें गेलेल्या माणसाला असें दाखवावयास कोणी असणें, हा बुडीचा सर्वांत गोड भाग आहे असें माझे विद्यार्थी सांगतात.

तेव्हां पालकांना माझी विनंति अशी. मुलाला किंवा मुलीला ‘एकटी जाऊं नको’ असें सांगण्याऐवजीं पांच प्रश्न विचारा. पाण्याखालीं तुझ्या शेजारीं कोण असणार? तो मार्गदर्शक प्रमाणपत्र असलेला आहे कां, आणि एका वेळीं किती जणांना नेतो? नावेवर प्राणवायूची नळी व प्रथमोपचाराचें सामान आहे कां, आणि प्रसंग पडल्यास कोणत्या इस्पितळांत नेणार? प्रकृतीच्या प्रश्नांचीं उत्तरें खरीं लिहिलीस कां? परतीच्या प्रवासापूर्वीं किती तास मोकळे ठेवलेस? या पांचांचीं उत्तरें ज्याच्याजवळ तयार आहेत तो एकटा नाहीं. त्यानें आपल्या सोबतीची व्यवस्था आधींच करून ठेवली आहे. आणि ज्याच्याजवळ तीं नाहींत, तो दहा मित्रांच्या घोळक्यांत गेला तरी पाण्याखालीं एकटाच असेल. त्याला मात्र थांबवा, आणि उत्तरें मिळवून मगच जाऊं द्या.